बाळंतिणीच्या खोलीतला विस्तव

डॉ. नीलांबिका अंगडी यांनी अख्ख्या नोकरीत एकदाच शवविच्छेदन अर्धवट टाकलं. समोर टेबलावर दाक्षायणी नावाची तरुण सून होती. तिचा जीव गेलेलाच होता, तिच्यासाठी घाई करण्यात अर्थ नव्हता. घाई होती ती तिच्या नणंदेसाठी. हिरेगोणी गावातल्या ज्या खोलीत दाक्षायणी सकाळी मेलेली सापडली, त्याच खोलीत तिची बाळंतीण नणंद कस्तुरी आणि तिचं तान्हं बाळ या क्षणी पेटत्या शेगडीशेजारी असावीत, अशी डॉक्टरांना शंका आली. तसं कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. हातातल्या काचनळीतल्या रक्ताचा रंग बघून ही शंका आली होती. नळी स्टँडला लावून, हातमोजेसुद्धा न काढता त्या बाहेर पळाल्या.

"आमच्या मॅडमना पळताना बघितलेला माणूस जिल्ह्यात मी एकटाच," असं शवागारातला मदतनीस हुसेनसाब नंतर सांगायचा. ते खोटं होतं, कारण बाहेर आवारात दोन गावं जमली होती. पण एरवी त्या पळणाऱ्यांतल्या नव्हेत, एवढं खरं.

राणेबेन्नूरच्या एका कापड दुकानदाराची ही मधली मुलगी. वडील गिऱ्हाइकासमोर कापड उलगडायचे ते आधी उलट्या बाजूनं. सुलटी बाजू कोणीही छान दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. मुलीला लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं. गुण थोडे कमी पडले आणि पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली ती न्यायवैद्यकात, म्हणजे मेलेल्यांच्या खात्यात. आई नातेवाइकांना सांगायची, "आमची नीला बायकांची डॉक्टर आहे." त्यातही खोटं काही नव्हतं. प्रबंधासाठी विषय घेतला होता तो जिल्ह्यातल्या प्रौढ स्त्रियांच्या अनैसर्गिक मृत्यूंचा. जळालेल्या, फास घेतलेल्या, विहिरीत सापडलेल्या, पिकावरचं औषध प्यायलेल्या. प्रबंध झाला, पदवी मिळाली, लोक बाकीच्या विषयांकडे वळले. या मात्र त्याच विषयावर राहिल्या.

लग्न झालं नाही. एकदा बघायला आलेल्या मुलाच्या आईनं विचारलं होतं, "स्वयंपाकही ह्याच हातांनी करतेस का गं?" नीलांबिका म्हणाल्या, "छे, त्याला दुसरे हात आहेत. धुऊन फळीवर ठेवलेत." पाहुणे मंडक्की-मिरची, म्हणजे चुरमुरे-भजी, अर्धी टाकून उठले.

बाई गेली की सासरचे एक सांगतात, माहेरचे दुसरं, आणि शरीर बहुतेक वेळा तिसरंच सांगतं, हे त्या शिकल्या होत्या. दोन्हीकडचे लोक त्यांना आपल्या बाजूला ओढायला बघत. "मी सासरची नाही, माहेरची नाही. मी टेबलाच्या बाजूची," एवढं त्या म्हणत. आणखी एक गोष्ट शिकल्या होत्या. शरीर सगळं सांगत नाही. मेली कशानं ते सांगतं, खोलीत काय होतं ते सांगत नाही. म्हणून सुरी हातात घेण्याआधी त्या घरातल्या कोणाला तरी आवारातल्या मातीवर बसवायच्या आणि काडीनं खोली काढायला लावायच्या. दार कुठे, खिडकी कुठे, चूल कुठे, कोण कुठे झोपलं होतं. पोलिसांना याचा भारी वैताग. "चित्रकलेचा तास सुरू झाला," असं ते आपसात म्हणत.

त्या दिवशी खोली काढली ती निंगव्वानं, म्हणजे दाक्षायणीच्या सासूनं.

डिसेंबर होता, हिरेगोणीला थंडी चांगलीच पडली होती. निंगव्वाची मुलगी कस्तुरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगा, म्हणजे दाक्षायणीचा नवरा चन्नवीर, यानं मिरचीच्या पैशांतून त्याच वर्षी स्लॅबचं घर बांधलं होतं, त्यातली आतली खोली बाळंतिणीला दिली. बाजेशेजारी शेगडी. बाळंतिणीच्या खोलीतला विस्तव विझू द्यायचा नाही, हा नियम. तो राखायचं काम सुनेचं. दाक्षायणी रात्री शेगडीपाशी जमिनीवर वाकळ टाकून झोपायची आणि जाग येईल तसे कोळसे घालायची. सकाळी ती उठली नाही. तिच्या पायाशी घरचं मांजरही मरून पडलं होतं.

दाक्षायणीच्या लग्नाला सात वर्षं झालेली नव्हती, म्हणून कायद्याप्रमाणे पंचनाम्याला तहसीलदार येऊन गेले. मूलही झालेलं नव्हतं. माहेरच्यांना एवढं पुरे होतं. दाक्षायणीची आई गौरव्वा टेंपोभर माणसं घेऊन आली आणि इस्पितळाच्या आवारात बसून निंगव्वाच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. निंगव्वा आणि चन्नवीर पलीकडे लिंबाखाली पोलिसांच्या पहाऱ्यात बसले होते.

"दुधातनं दिलंय, मॅडम," फौजदार तळवार म्हणाला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त प्रत्येक गोष्ट जेवणाच्या आत संपलेली हवी असे. "पेला उशाशी सापडलाय. उरलेलं मांजरानं पिलं, तेही मेलं. आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

"मांजराला दूध पिताना कोणी बघितलं?"

"मांजर दूध पिणार नाही तर काय चहा पिणार?"

"मांजर आहे कुठे?"

"उकिरड्यावर टाकलं म्हणे."

"मागवून घ्या."

तळवारनं हवालदाराकडे बघितलं, हवालदारानं आभाळाकडे.

निंगव्वा मातीवर काडी ओढत होती. हे दार. ही खिडकी, सरकत्या काचेची. ही बाज. ही शेगडी. इथे दाक्षा.

"आणि कस्तुरी?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाजेवर. बाळाला घेऊन."

"रात्रभर?"

"बाळंतीण आणखी कुठे जाणार?" निंगव्वा म्हणाली, आणि काडी टाकून पदर तोंडाला लावला.

आत जाताना गौरव्वानं डॉक्टरांचा हात धरला. "डॉक्टरअक्का, तेवढं परत एकदा बघा. माझी पोर मेलेली वाटतच नाही. तोंड बघा तिचं. जत्रेतनं चालून आल्यासारखं लाल आहे." मागची एक म्हातारी म्हणाली, सवाष्ण गेली, देवीनं तेज दिलं. दुसरीनं सांगितलं, कसलं तेज, सासूनं गुन्हा झाकायला कुंकवाचं पाणी लावलंय. असलं बोलणं डॉक्टरांच्या कानांवरून रोज जाई. पण लाल हा शब्द डोक्यात राहिला.

टेबलावर दाक्षायणीला कुशीवर वळवलं तेव्हा त्यांचा हात थांबला. माणूस गेला की रक्त खाली उतरतं आणि पाठीवर जांभळट डाग धरतात. हिच्या पाठीवर जांभळं काही नव्हतं. डाळिंबाचा रस सांडावा तसा रंग होता. नखांखाली तोच, ओठांच्या आत तोच. पोट उघडलं, तर पिकावरच्या औषधाचा वास नाही. तो वास एकदा नाकात बसला की जन्मात चुकत नाही. दूध होतं, पण नुसतं दूध. गळ्यावर, छातीवर, मनगटांवर साधा ओरखडा नाही.

"हुसेनसाब, कॉस्टिकची बाटली आणा. आणि सकाळच्या अपघातवाल्याचं रक्त ठेवलंय ना, तेही."

दोन नळ्यांत पाणी घेतलं. एकीत अपघातात गेलेल्या माणसाच्या रक्ताचे थेंब, दुसरीत दाक्षायणीच्या. दोन्हींत कॉस्टिक सोडा घातला. पहिली नळी बघता बघता हिरवट तपकिरी झाली, शेवाळ्यासारखी. दुसरी गुलाबीच्या गुलाबी राहिली.

कोळशाचा वायू. कोंडलेल्या खोलीत कोळसे धुमसत राहिले की जो तयार होतो, ज्याला वास नाही, रंग नाही, आणि जो रक्ताला असा चिकटतो की ते श्वास वाहून नेईनासं होतं. मांजर दुधानं मेलं नव्हतं. तेही शेगडीपाशी उबेला झोपलं होतं.

इथे खरं तर काम संपायला हवं होतं. पण मातीवर काढलेली खोली त्यांच्या डोळ्यांसमोर आली आणि हिशेब जमेना. त्याच खोलीत, त्याच शेगडीच्या हातभर अंतरावर, बाळंतीण आणि इवलंसं बाळ रात्रभर होतं. धडधाकट सून मरते, मांजर मरतं, आणि ओली बाळंतीण सकाळी उठून बसते? हा वायू माणूस बघून धरत नाही. एक तर नळी खोटी, नाही तर निंगव्वा. नळी खोटं बोलत नाही. म्हणजे कस्तुरी रात्री खोलीत नव्हती.

मग आत्ता कुठे आहे?

लिंबाखाली निंगव्वा चंचीतून सुपारी काढत होती. अंगावर ॲप्रन, हातांत रक्ताचे मोजे अशी बाई समोर येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या हातातून सुपारी पडली.

"अव्वा, कस्तुरी आत्ता कुठे आहे?"

"घरी. खोलीत."

"सोबत कोण आहे?"

"कोण असणार? सगळे इथंच तर आलोत. सुतकातली माणसं तिच्यासमोर यायला नकोत, म्हणून मीच सांगून आले, आतनं कडी घाल, मी येईपर्यंत कोणालाही उघडू नकोस."

"शेगडी?"

"पेटवून आले की. नवा कोळसा घालून. खोली सारवून, गोमूत्र शिंपडून..."

"तिचा नंबर द्या. चन्नवीर, बहिणीचा नंबर सांग, लवकर."

चन्नवीरनं आकडे सांगितले, तळवारनं आपल्या फोनवरून लावले. लागलीच निंगव्वाच्या चंचीत फोन वाजू लागला. सुपारी, कात, अडकित्ता यांच्यामध्ये कस्तुरीचा फोन थरथरत होता.

"बाळंतिणीनं फोन बघायचा नसतो," निंगव्वा पुटपुटली. "डोळे जातात."

"अव्वा, नीट ऐका," डॉक्टर तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "तुमच्या सुनेला कोणी विष दिलेलं नाही. शेगडीच्या वायूनं ती गेली. पण तुम्ही म्हणता कस्तुरी रात्री तिथेच होती. ती तिथे असेल तर माझं चुकलं, आणि तुम्ही फौजदारांबरोबर जा. ती तिथे नसेल, तर आज तिला तुम्ही पहिल्यांदाच त्या वायूत एकटं कोंडून आलात. खरं काय ते आत्ता सांगा."

निंगव्वानं आधी मुलाकडे बघितलं, मग गौरव्वाच्या माणसांकडे. गावासमोर बोलायची गोष्ट नव्हती ही.

"बाळ फार रडत होतं," ती शेवटी म्हणाली. "घेऊन बाहेर आली माझ्याकडे. पाजता पाजता तिथंच झोपली, पडवीत. मी उठवलं नाही. बाळंतिणीला वाऱ्यात झोपवलं कळलं तर तिच्या सासरचे मला जगू देतील? म्हणून कोणाला सांगितलं नाही." मग एकदम आवाज चढवून म्हणाली, "पण शेगडीनं माणूस मरतं कसं? माझी चार बाळंतपणं झाली ह्याच शेगडीवर! माझ्या आईची आठ!"

"त्या घराला कौलं होती, अव्वा. फटीफटीतनं वारा जायचा. ह्या घराला स्लॅब आहे, काचेला रबर आहे. दाराखाली काय लावलंत?"

"पोतं," चन्नवीर म्हणाला. "मीच लावलं. थंडी येते म्हणून."

"शेजारी कोणाकडे फोन आहे?"

शेजारी पिठाची गिरणी होती, रत्नव्वाची. नंबर चन्नवीरच्या फोनमध्ये, आणि तो फोन जप्त केलेल्या पिशवीत.

"मॅडम, आरोपीच्या हातात फोन देता येत नाही," तळवार म्हणाला.

"आरोप अजून मी लिहिलेला नाही. द्या."

तळवारनं पिशवी फाडली. फोन लागला, त्यानं आवाज मोठा केला. गिरणीची घरघर आधी ऐकू आली, मग रत्नव्वा.

"जाऊन दार उघड म्हणता?" तिनं सगळं ऐकून घेतलं. "अहो डॉक्टरबाई, मी सकाळी मढ्याला हात लावलाय. डोक्यावरनं पाणी नाही घेतलं अजून. बाळंतिणीच्या खोलीत कशी जाऊ? उद्या पोराला काही झालं तर गाव मला फाडून खाईल. आधी अंघोळ करते, मग जाते."

"अंघोळ नंतर करा!"

"तुम्हाला काय जातंय बोलायला? तुम्ही काय इथं राहणार आहात?"

तेवढ्यात निंगव्वानं फोन हिसकावून घेतला. "रत्ना, मी बोलतेय. शिव तिला. माझ्या नावानं शिव. दोष लागला तर माझ्या घराला लागू दे. पळ!"

यावर रत्नव्वा पळाली असावी, कारण गिरणीचा आवाज मागे पडला आणि धापा ऐकू येऊ लागल्या. आवारातली माणसं कधी गोळा झाली ते कोणाला कळलं नाही. गौरव्वा सुरुवातीला ओरडत होती, "नाटकं आहेत सगळी, मायलेकांना सोडवायची नाटकं." मग तीही गप्प झाली.

"कस्तुरी! ए कस्तुरी!" दारावर थापा. "उघड गं! निंगव्वा, ओ देत नाही ही."

"खिडकी फोड!" डॉक्टर ओरडल्या.

"नवी काच आहे हो, निंगव्वा. फोडू?"

"फोड गं भवाने!"

एक आवाज झाला, मग दुसरा. मुसळानं मारत होती म्हणे. काच खळाळून पडली. मग नुसता रत्नव्वाचा खोकला, कशाची तरी ओढाओढ, कडी सरकल्याचा आवाज. आणि त्यानंतर काहीच नाही. निंगव्वा फोनकडे अशी बघत होती की त्यातून कोणी तरी हात बाहेर काढणार आहे. गौरव्वा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. सकाळपासून दोघींमध्ये दोन हवालदार ठेवावे लागले होते. आता ते लागले नाहीत.

"अंग गरम आहे," रत्नव्वाचा आवाज आला. "पोरीचा श्वास चाललाय. डोळे उघडत नाही, पण चाललाय. बाळ... थांबा, बाळाला बाहेर आणते."

"दोघांना बाहेर आणा! अंगणात, वाऱ्यात!" डॉक्टर म्हणाल्या.

"वाऱ्यात? बाळंतिणीला?" निंगव्वाच्या तोंडून आपसूक निघालं.

"वाऱ्यातच!" हे गौरव्वा म्हणाली.

मग फोनमधून एक बारीक आवाज आला, गंजलेली बिजागरी करकरावी तसा. थांबला. पुन्हा आला, आणि या वेळी त्यात राग होता.

"रडतंय!" रत्नव्वा किंचाळली. "ऐकलंत का? अगं बाई, कसलं रडतंय!"

निंगव्वा मातीवर बसली, नेमकी काडीनं काढलेल्या खोलीवर. तळवारनं टोपी काढून घाम पुसला आणि डिसेंबरात आपल्याला घाम कसा आला म्हणून रुमालाकडे बघितलं. डॉक्टरांच्या आता लक्षात आलं की आपल्या हातांत मोजे आहेत. त्यांनी ते काढले. हुसेनसाबनं पाण्याचा तांब्या आणून दिला, तो त्यांनी उभ्यानं पिऊन टाकला.

सरकारी गाडी दोघांना त्याच इस्पितळात घेऊन आली. कस्तुरी शुद्धीवर होती, उलट्या करत होती, डोकं फुटतंय म्हणत होती. नळीतून प्राणवायू सुरू झाल्यावर तासाभरात तिनं बाळ मागितलं. बाळाला तोपर्यंत भूक लागून त्यानं वॉर्ड डोक्यावर घेतला होता. धोका टळला, असं मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं. सकाळपासून रडलेल्या घरातलं कोणी तरी हसलं आणि लगेच शरमून गप्प झालं.

नीलांबिका परत आत गेल्या आणि उरलेलं काम त्यांनी पूर्ण केलं. टाके स्वतः घातले, जवळ जवळ, बारीक. अहवालात कारण लिहिलं. घातपाताचं चिन्ह नाही. उकिरड्यावरून आणलेलं मांजरही तपासलं, त्याचंही रक्त गुलाबी. मग बाहेर येऊन त्यांनी दोन्हीकडच्यांना एकत्रच बोलावलं. वेगवेगळं सांगितलं की वेगवेगळं ऐकलं जातं, असा त्यांचा अनुभव होता.

"तिला प्यायला काही दिलं नव्हतं?" गौरव्वानं विचारलं.

"नाही."

"मारलं नव्हतं?"

"अंगावर ओरखडासुद्धा नाही."

"तिला कळलं असेल का?"

"नाही. झोप लागली ती उतरलीच नाही."

मुलगी गेली ती गेलीच होती. पण सकाळपासून गौरव्वाच्या मनात मुलगी तडफडत होती, हातपाय झाडत होती, आईला हाका मारत होती. ती आता शांत झाली.

"विस्तव विझू देऊ नको, असं मीच सांगितलं होतं तिला," निंगव्वा खाली बघत म्हणाली. "झोपताना. जरा दरडावूनच."

माहेरची तरुण पोरं गौरव्वा काय म्हणते याची वाट बघत होती.

"मीही तेच सांगितलं असतं," गौरव्वा म्हणाली.

माहेरचा टेंपो फाटकाशी उभा होता. सकाळी ठरलं होतं की पोरीला ह्या लोकांच्या मातीत ठेवायचं नाही, माहेरच्या शेतात न्यायचं. त्यांच्यात पुरायची रीत, तेव्हा खड्डाही खणायला घेतला होता. ड्रायव्हरनं गाडी माहेरच्या रस्त्याकडे वळवायला घेतली, तेव्हा गौरव्वानं त्याला थांबवलं.

"हिरेगोणीला घे," ती म्हणाली. "तिच्या नवऱ्याच्या शेतात ठेवू. आणि तिच्या भावाला फोन कर, म्हणावं खणू नको आता."

चन्नवीर मागे चढला. निंगव्वाला चढता येईना, गुडघे दुखत होते. गौरव्वानं वरून हात दिला, "चढ, चढ, उशीर होतोय," म्हणाली, आणि तिला ओढून आपल्या शेजारी बसवलं.